सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही: गाडी, पिकअप व ट्रॅक्टरमधील बिघाड क्रमाने कसा शोधावा

पालघर जिल्ह्यातील बराचसा शेतमाल पहाटे निघतो. जव्हार-विक्रमगड भागातील मोगऱ्याच्या कळ्या सकाळी दादरच्या फूलबाजारात पोहोचाव्या लागतात. डहाणू-घोलवडचा चिकू आणि भाजीपाला वेळेत गेला नाही तर दर पडतो किंवा माल नरम होतो. अशा वेळी माल भरून झाल्यावर किल्ली फिरवावी आणि गाडी चालू होऊ नये, हा अनुभव अनेकांना येतो. घाईघाईत सेल्फ मारत राहिल्याने बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि मूळचा लहान बिघाड मोठा होतो. त्यानंतर अंदाजाने एकेक सुटा भाग बदलण्यात पैसा जातो.

पुढील माहितीच्या आधारे आपण घरच्या घरी बिघाड कोणत्या बाजूचा आहे हे ओळखू शकता. सर्व दुरुस्ती स्वतः करावी असा याचा उद्देश नाही. कोणती तपासणी आधी करावी, कोठे थांबावे आणि मिस्त्रीला नेमके काय सांगावे हे समजले, तरी वेळ व खर्च दोन्ही वाचतात.

१. प्रथम बिघाड नेमका ओळखा

"गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड येतात. त्यांची तपासणीही वेगळी आहे.

- किल्ली फिरवल्यावर काहीच होत नाही किंवा फक्त "टक" आवाज येतो: हा बॅटरी, बॅटरीच्या तारा किंवा सेल्फचा बिघाड आहे.
- सेल्फ फिरतो, पण जड आणि मंद फिरतो: बहुधा बॅटरी कमजोर आहे किंवा तारांचे जोड खराब आहेत.
- सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही: हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

तिसऱ्या प्रकारात गाडीला धक्का मारून उपयोग होत नाही. धक्का सेल्फचे काम करतो आणि येथे सेल्फ चांगलाच आहे. शिवाय नव्या पेट्रोल गाड्यांमध्ये न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब होऊ शकतो.

२. इंजिनला काय लागते

इंजिन चालू होण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात:

१) हवा
२) योग्य प्रमाणात स्वच्छ इंधन
३) सिलिंडरमध्ये पुरेसा दाब
४) पेटवण – पेट्रोल व सीएनजी इंजिनात प्लगची ठिणगी, डिझेल इंजिनात दाबामुळे तापलेली हवा

यांपैकी एक गोष्ट कमी पडली किंवा चुकीच्या वेळी झाली, की सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन पकडत नाही. म्हणून पहिला प्रश्न "कोणता भाग बदलू?" हा नसून "चारपैकी काय मिळत नाही?" हा आहे. पुढील सर्व तपासण्या याच प्रश्नाचे उत्तर देतात.

३. पुन्हा सेल्फ मारू नये अशी चार लक्षणे

खालीलपैकी एकही लक्षण दिसल्यास किल्ली काढून ठेवावी.

*पाण्यातून गाडी गेली आहे.* जून ते सप्टेंबरमध्ये सखल रस्ते, मोऱ्या व रेल्वेखालचे भुयारी मार्ग यांत पाणी साचते. इंजिन पाण्यात बंद पडले असेल तर हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि इंजिन पूर्ण उघडावे लागते. एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहावे. फिल्टर ओला असेल किंवा ऑइलचा रंग दुधाळ झाला असेल, तर गाडी ओढून गॅरेजला न्यावी. तेथे प्लग किंवा हीटर प्लग काढून पाणी बाहेर काढल्यावरच इंजिन फिरवावे.

*इंजिन अचानक हलके आणि भरभर फिरते.* सेल्फचा नेहमीचा "धक-धक" ताल जाऊन सलग "घुर्रर्र" असा आवाज आला, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी सेल्फ मारल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो.

*पेट्रोल, डिझेल किंवा गॅसचा तीव्र वास येतो.* गळतीजवळ सेल्फची ठिणगी आग लावू शकते. सर्व दारे व बॉनेट उघडावे, विडी-काडी दूर ठेवावी. सीएनजी गाडी असल्यास टाकीजवळचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा.

*ऑइल नाही किंवा इंजिन फार तापून बंद पडले आहे.* आधी त्याचे कारण पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

४. पहिली दहा मिनिटे: अवजाराशिवाय तपासणी

वरील चार लक्षणे नसतील तर पुढील क्रमाने पाहावे. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांमध्ये किमान अर्धा ते एक मिनिट थांबावे.

१) इंधन खरोखर आहे का? इंधनाचा काटा चुकीचा दाखवू शकतो. गाडी चढावर किंवा एका बाजूला कललेली असेल तर थोडे इंधन असूनही पंपाला मिळत नाही.

२) किल्ली "ऑन" करून दिवे पाहावेत. चेक इंजिनचा पिवळा दिवा सुरुवातीला लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरला करंट मिळत नसण्याची शक्यता आहे. मुख्य फ्यूज व रिले पाहावेत.

३) चोरी प्रतिबंधक दिवा पाहावा. किल्लीचे किंवा कुलूप लावलेल्या गाडीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. किल्लीच्या जुडग्यातील इतर इलेक्ट्रॉनिक किल्ल्या दूर कराव्यात. बटणाने चालू होणाऱ्या गाडीत किल्लीचा सेल उतरला असेल तर किल्ली कोठे टेकवावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

४) पंपाचा आवाज ऐकावा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली "ऑन" केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीतून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले, वायर किंवा पंप यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

५) सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहावा. अनेक गाड्यांत तो किंचित उचलला जातो. तो शून्यावरच पडून राहिला तर क्रँक सेन्सरचा संशय घ्यावा. हा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटरला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही. मग तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही.

६) सायलेन्सरकडे एकाला उभे करावे. डिझेल गाडीत ही सर्वात उपयोगी तपासणी आहे. सेल्फ मारताना पांढरा किंवा करडा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण जळत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचतच नाही.

७) काल काय केले होते, हे आठवावे. कालच डिझेल भरले, फिल्टर बदलला, गाडी धुतली, वायरिंगला हात लावला किंवा गाडी महिनाभर उभी होती, तर तपासणी तेथूनच सुरू करावी.

५. सेल्फ फिरत असला तरी बॅटरी मोजावी

सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी ठीक, असा समज असतो. नव्या गाड्यांत तो नेहमी खरा नसतो. बॅटरी इंजिन फिरवण्याइतकी चांगली, पण कॉम्प्युटर व इंजेक्टर चालवण्याइतकी चांगली नसते, असेही घडते.

साध्या मल्टिमीटरने १२ व्होल्ट बॅटरी अशी तपासावी:

- गाडी काही तास बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट: बॅटरी भरलेली
- सुमारे १२.२ व्होल्ट: निम्मी उतरलेली
- १२ व्होल्टपेक्षा कमी: चार्ज करणे आवश्यक
- सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल: बॅटरी कमजोर किंवा जोड खराब
- इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट: अल्टरनेटर ठीक

तारापूर, चिंचणी, सातपाटी, केळवे या किनारपट्टीच्या गावांत खाऱ्या हवेमुळे बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर लवकर चढतो. इंजिन व चॅसी यांना जोडणारी अर्थिंगची तारही आतून गंजते. टोके सोडवताना आधी वजा बाजू काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी. गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने थर धुवावा, कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हलका हात द्यावा.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना अधिक टोक अधिक टोकाला जोडावे. वजा तारेचे दुसरे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या गाडीला करंट देऊ नये.

६. पेट्रोल व सीएनजी गाड्या

*सीएनजी गाडीत पेट्रोल आहे का ते पाहावे.* अनेक सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडे तापल्यावर गॅसवर जातात. खर्च वाचवण्यासाठी पेट्रोलची टाकी कोरडी ठेवली, तर गॅस भरलेला असूनही गाडी चालू होत नाही. कोरड्या टाकीत पेट्रोल पंपही लवकर खराब होतो. टाकीत नेहमी थोडे ताजे पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी. सीएनजी टाकीची दाब चाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे, हेही लक्षात ठेवावे.

*प्लग बोलतो, तो वाचावा.* काही वेळा सेल्फ मारल्यावर एक प्लग काढून पाहावा. इंजिन थंड असावे.

- प्लग कोरडा: पेट्रोल पोहोचत नाही. पंप, रिले, फिल्टर, इंजेक्टर या बाजूने तपासावे.
- प्लग पेट्रोलने ओला: पेट्रोल येते, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे.
- प्लग काळा, काजळी धरलेला: हवा कमी मिळते किंवा प्लग जुना झाला आहे.

पेट्रोल जास्त झाले असेल तर पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून १० सेकंद सेल्फ मारल्यास कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि साचलेले पेट्रोल निघून जाते. इंजिन पकडताच पाय लगेच उचलावा.

*ठिणगी पाहण्याची जुनी पद्धत टाळावी.* प्लगची वायर हातात धरून किंवा लोखंडाजवळ नेऊन ठिणगी पाहण्याची सवय धोक्याची आहे. या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात, जवळ पेट्रोलची वाफ असते आणि नव्या गाड्यांचे कॉइल यामुळे जळतात. बाजारात स्वस्त स्पार्क टेस्टर मिळतो, तोच वापरावा.

*रिले अदलाबदल करून पाहावा.* फ्यूजच्या पेटीत पंपाचा रिले आणि हॉर्नचा रिले अनेकदा एकाच क्रमांकाचे असतात. क्रमांक तंतोतंत सारखा असल्यास ते आपसात बदलून पाहावेत. पंप सुरू झाला आणि हॉर्न बंद पडला, तर बिघाड सापडला. फ्यूज जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तांब्याची तार किंवा चांदी गुंडाळून काम भागवू नये. वायरिंगला आग लागते.

*पेट्रोलमधील पाणी.* आता देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात अनेक आठवडे उभी राहिलेली गाडी, मोटारसायकल किंवा पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप सुरू न होण्याचे हे एक कारण आहे. थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून १५ मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून स्वच्छ करावी.

७. डिझेल पिकअप

डिझेल गाडीत धुरावरून दोन वाटा होतात.

*धूर नाही – डिझेल पोहोचत नाही.*

- फिल्टरखालील पाणी विलग करणाऱ्या भांड्याची खालची चकती सैल करून थोडे डिझेल बाटलीत काढावे. पाणी जड असल्याने तळाशी बसते.
- फिल्टर किती किलोमीटरपूर्वी बदलला ते पाहावे. काळा, चिकट गाळ असेल तर फिल्टर तुंबलेला आहे.
- हातपंप असल्यास दाबून पाहावा. तो कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कोठून तरी हवा शिरते आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळ्या, क्लिपा व वॉशर ओलसर आहेत का पाहावे.
- जुन्या पंपाच्या गाड्यांत डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो. किल्ली "ऑन" केल्यावर त्याचा "टक" आवाज आला पाहिजे.

*पांढरा धूर आहे – डिझेल येते, पण पेटत नाही.*

- हीटर प्लगचा वेटोळ्याचा दिवा विझल्यावरच सेल्फ मारावा. कोकणात थंडी कमी असली तरी जुन्या इंजिनांना पहाटे हीटर लागतो.
- एअर फिल्टर तुंबला आहे का पाहावे.
- इंजिन जुने असेल तर दाब कमी झाला असण्याची शक्यता आहे.

*कॉमन रेल इंजिनला हात लावताना सावध राहावे.* या इंजिनांच्या नळ्यांत चालू असताना १००० बारपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात किंवा बोट गमावण्याची वेळ येते. नोझलची नळी सैल करून हवा काढण्याची जुनी पद्धत या इंजिनांत कधीही वापरू नये. गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. अशी जखम झाल्यास ती लहान दिसली तरी लगेच रुग्णालयात जावे.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी काहींमध्ये युरियाच्या द्रावणाची, म्हणजे डीईएफची, वेगळी टाकी असते. वारंवार सूचना देऊनही ती भरली नाही तर काही गाड्या पुन्हा चालू होत नाहीत. त्यात शेतातील युरिया पाण्यात विरघळवून टाकू नये; त्यातील अशुद्धतेमुळे संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

*स्टार्टिंग स्प्रे व पेट्रोलचा बोळा टाळावा.* डिझेल इंजिनच्या हवेच्या नळीत पेट्रोल शिंपडणे किंवा इथरचा स्प्रे मारणे, विशेषतः हीटर प्लग गरम असताना, स्फोटाला आमंत्रण आहे.

८. जुना ट्रॅक्टर व पॉवर टिलर: हवा कशी काढावी

भात लावणीच्या दिवसांत डिझेल संपेपर्यंत ट्रॅक्टर चालवला जातो. टाकी कोरडी झाली की नळ्यांत हवा शिरते आणि डिझेल भरल्यावरही इंजिन पकडत नाही. हवा काढण्याआधी बंद करण्याची ओढणी पूर्ण आत गेली आहे का आणि टाकीचा कॉक उघडा आहे का, हे पाहावे. साध्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनात हवा काढण्याचा क्रम असा:

१) टाकीत पुरेसे स्वच्छ डिझेल भरावे. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा.
२) फिल्टरच्या वरचा हवा काढायचा स्क्रू सैल करावा. हातपंप मारत राहावे. फेस व बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू घट्ट करावा.
३) दुसरा फिल्टर असल्यास त्यावरही हेच करावे.
४) इंजेक्शन पंपावरील स्क्रू सैल करून हेच पुन्हा करावे.
५) तरीही इंजिन पकडत नसेल तर नोझलकडील नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून ५ ते १० सेकंद सेल्फ मारावा. डिझेल आल्यावर नट घट्ट करावेत. चेहरा व हात दूर ठेवावेत.
६) सांडलेले डिझेल पुसून घ्यावे.

हवा काढल्यावर इंजिन चालू होऊन थोड्या वेळाने पुन्हा बंद पडले, तर नळीतून हवा आत शिरते आहे. पुन्हा पुन्हा हवा काढण्यापेक्षा फाटलेली नळी किंवा वॉशर शोधावा.

९. आपल्या भागात वारंवार आढळणारी कारणे

- कॅनमधून भरलेले डिझेल: उघड्यावर ठेवलेल्या कॅनच्या झाकणातून पावसाचे पाणी आत जाते. कॅन रात्रभर स्थिर ठेवावा, तळातील थोडे डिझेल टाकीत ओतू नये आणि बारीक जाळीचे नरसाळे वापरावे.
- उंदरांनी कुरतडलेल्या वायरी: भाताचा पेंढा किंवा धान्य असलेल्या गोठ्याजवळ उभ्या गाडीत हा त्रास नेहमीचा आहे. बॉनेट उघडून इंजेक्टर, सेन्सर व पंपाच्या वायरी पाहाव्यात. कुरतडलेली साल, लेंड्या, पेंढ्याचे घरटे दिसते. एअर फिल्टरच्या डब्यातही घरटे असू शकते.
- ओलावा: दमट हवेत प्लगच्या टोप्या, कॉइल व जोड ओले होतात. गाडी धुताना इंजिनवर जोरदार पाणी मारल्यासही हेच होते. जोड सोडवून कोरड्या कापडाने पुसावेत, हवेने सुकवावेत.
- गंज: खाऱ्या हवेने फ्यूज व रिलेचे पाय हिरवे पडतात. वरून फ्यूज चांगला दिसतो, पण करंट जात नाही.

१०. दाब व टायमिंग: येथे गॅरेजच लागते

इंधन, पेटवण व हवा ठीक असूनही इंजिन पकडत नसेल तर दाब मोजून घ्यावा. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो बहुधा १० ते १३ बार असतो, डिझेल इंजिनात त्याच्या सुमारे दुप्पट किंवा अधिक. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतील धरावा. एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असल्यास व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटची शंका घ्यावी.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर मिळालेला कोड लिहून घ्यावा. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या, पी०३४० कॅम सेन्सरच्या आणि पी००८७ इंधनाचा दाब कमी असल्याच्या बिघाडाकडे बोट दाखवतो. कोड म्हणजे तो भाग खराबच आहे असे नाही. त्याची वायर तुटली किंवा जोड गंजला तरी तोच कोड येतो. म्हणून नवा सेन्सर घेण्यापूर्वी वायर तपासण्यास सांगावे.

११. उदाहरण: पहाटे तीनला काय करावे

समजा, विक्रमगडजवळ मोगऱ्याच्या कळ्या भरलेली डिझेल पिकअप पहाटे तीन वाजता चालू होत नाही. सेल्फ नेहमीसारखा फिरतो. पाण्यातून गाडी गेलेली नाही, वास नाही, दिवे सर्व लागतात. सायलेन्सरमधून धूर मात्र अजिबात नाही. म्हणजे डिझेल पोहोचत नाही. आदल्या संध्याकाळी कॅनमधून डिझेल भरले होते, हे आठवते.

फिल्टरखालील भांड्यातून डिझेल काढल्यावर बाटलीच्या तळाशी पाणी दिसते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढावे, हातपंप घट्ट होईपर्यंत मारावा आणि मध्ये किमान अर्धा ते एक मिनिट थांबत, १० सेकंदांपर्यंत असा तीन वेळा सेल्फ मारावा. गाडी चालू झाली आणि पुन्हा बाटलीत काढलेले डिझेल स्वच्छ असेल, तर निघता येईल. परतल्यावर टाकी धुऊन फिल्टर बदलावा. पाणी पुन्हा येत असेल तर गाडी चालवू नये. पाण्याने पंप व नोझल निकामी झाले तर दुरुस्तीचा खर्च त्या दिवसाच्या फुलांच्या किमतीपेक्षा खूपच जास्त होतो.

येथे एक नियम आधीच ठरवून ठेवावा: नाशवंत माल भरलेला असताना तपासणीला २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. तेवढ्यात कारण सापडले नाही तर माल दुसऱ्या गाडीत चढवावा. हंगामापूर्वीच शेजारच्या दोन-तीन वाहनधारकांशी बोलून ठेवलेले असावे. गाडीचा बिघाड दिवसा उजेडात शोधता येतो. उमललेल्या कळ्या परत मिटत नाहीत.

१२. कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी: फोनवर विचारायचे प्रश्न

१) सेल्फ फिरतो का? नेहमीसारखा, मंद, की जास्त भरभर?
२) गाडी पाण्यातून गेली होती का? कसला वास येतो का?
३) पेट्रोल, सीएनजी की डिझेल? काटा काय दाखवतो? शेवटचे इंधन कधी व कोठून भरले?
४) किल्ली "ऑन" केल्यावर कोणते दिवे लागतात, कोणते लुकलुकतात?
५) डिझेल असल्यास सेल्फ मारताना धूर येतो का? कोणत्या रंगाचा?
६) गेल्या आठवड्यात कोणते काम केले? गाडी किती दिवस उभी होती?
७) गाडीत नाशवंत माल आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" आले किंवा सेल्फ जास्त भरभर फिरत असल्याचे कळले, तर पुढचे प्रश्न न विचारता सेल्फ मारणे थांबवण्यास सांगावे. ही सातही उत्तरे कागदावर लिहून मिस्त्रीला दिल्यास त्याचाही वेळ वाचतो.

१३. बिघाड टाळण्यासाठी

- मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी: बॅटरी व अर्थिंगची तार साफ करावी, फ्यूजची पेटी पाहावी, डिझेल व एअर फिल्टर तपासावा.
- टाकी पाव भागापेक्षा कमी होऊ देऊ नये.
- पावसाळ्यात आठवड्यातून एकदा डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे.
- उभी असलेली गाडी व ट्रॅक्टर दर आठवड्याला १५ ते २० मिनिटे चालवावा.
- टायमिंग बेल्ट पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी येईल तेव्हा, बदलावा.
- गाडी पेंढ्यापासून दूर उभी करावी.
- गाडीत मल्टिमीटर, टॉर्च, त्याच मापाचे जादा फ्यूज, पारदर्शक बाटली, पाने व जोडतारा ठेवाव्यात.

लक्षात ठेवा

सेल्फ फिरतो आणि इंजिन पकडत नाही, तेव्हा पहिल्या १० सेकंदांतील आवाज, दिवे, वास आणि धूर यांतून बरेच काही कळते. पाणी, तुटलेला बेल्ट व गळती या शंका आधी दूर कराव्यात. त्यानंतर इंधन, करंट, हवा व दाब या क्रमाने तपासावे. तीन वेळा सेल्फ मारूनही काही बदल झाला नाही, तर चौथ्यांदा मारण्याआधी एक तरी तपासणी करावी.